आधी प्लग, मग दोरी!

"गाडी बुडाली!"

फोनवर एवढे दोनच शब्द ऐकले आणि मी सबमिशनची जर्नल्स तशीच पलंगावर टाकून हॉस्टेलमधून पळत सुटले. जूनचा शेवटचा रविवार होता. कॉलेजमागच्या टेकडीच्या पायथ्याशी जो ओढा आहे (हो, उन्हाळ्यात आपण ज्यात क्रिकेट खेळतो तोच!), त्यात आमच्या 'बाजा' टीमची एटीव्ही पडली होती. पलीकडचा काठ चढताना चाके घसरली, गाडी मागे मागे आली आणि मागची बाजू थेट खड्ड्यात गेली. पाण्याच्या वर पुढची दोन चाके आणि केजच्या वरच्या नळ्या तेवढ्या दिसत होत्या. आमचे इंजिन मागे असते. म्हणजे ते पूर्ण पाण्याखाली!

ड्रायव्हर सुखरूप होता, काठावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. "घसरायला लागली तसा मी किल स्विच दाबला गं," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्या वेळी आम्हाला त्याचे काही विशेष वाटले नाही. ते वाक्य किती मोलाचे होते ते नंतर कळले.

शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर येऊन गाडी बाहेर निघेपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. गाडी काठावर आली, सगळीकडून पाणी निथळत होते, आणि दहा जणांच्या मनात एकच प्रश्न होता, चालू होते का? पॉवरट्रेनचे काम माझ्याकडे, त्यामुळे पुढे झाले मीच. स्टार्टरची दोरी धरली आणि जोरात ओढली. दोरी निम्म्यात येऊन थांबली. एखाद्या झाडाच्या बुंध्याला बांधलेली दोरी ओढावी तशी. मला वाटले, चिखलाने अडकली असेल. पाय फ्रेमला टेकवून मी दुसऱ्यांदा ओढणार, तेवढ्यात मागून आवाज आला,

"अगं पोरी, सोड ती दोरी! आधी प्लग काढ!"

हायवेच्या फाट्यावर ज्यांचे गॅरेज आहे आणि जे आमच्या फ्रेमचे वेल्डिंग करून देतात ते मिस्त्रीकाका स्कूटर लावून धावतच येत होते.

"काका, अडकलंय काहीतरी आत."

"अडकलंय म्हणजे पाणी अडकलंय. हवा दाबते, पाणी दाबतं व्हय कधी?"

मित्रहो, मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. 'इनकॉम्प्रेसिबल' हा शब्द फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात मी निदान पन्नास वेळा तरी लिहिला असेल. त्यावर मार्कही मिळाले. पण त्याचा अर्थ कळला तो ओढ्याच्या काठावर, काकांच्या त्या एका मराठी वाक्यात. पुढचे चार दिवस आम्ही जे केले आणि जे शिकलो ते सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून हा लेखप्रपंच. आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी पाण्यात जायला एटीव्हीच असावी लागते असे थोडेच आहे!

ही गाडी म्हणजे नक्की काय?

फर्स्ट इयरच्या मुलांसाठी थोडक्यात सांगते. एटीव्ही म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल, म्हणजे रस्ता असो वा नसो, चालणारी गाडी. कॉलेजच्या मुलांनी अशी एका माणसाची गाडी स्वतः डिझाइन करून बांधायची आणि शर्यतीत उतरवायची, ही 'बाजा' स्पर्धा अमेरिकेत १९७६ साली सुरू झाली. भारतात ती २००७ साली मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला प्रथम झाली. या स्पर्धेची गंमत अशी, की इंजिन सगळ्यांना सारखेच आणि त्यात फेरफार करायला बंदी. आमच्या या जुन्या गाडीत वर्षानुवर्षे बाजात वापरले गेलेले ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे १० हॉर्सपॉवरचे इंजिन आहे. एकच सिलिंडर, ३०५ सीसी, फोर स्ट्रोक, हवेने थंड होणारे. बॅटरी नाही, सेल्फ नाही. दोरी ओढायची आणि चालू करायचे.

नव्या गाडीचे इंजिन अजून यायचे होते. नवीन ड्रायव्हर तयार करायला आमच्याकडे चालू असे हे एकच इंजिन होते. आता समजले ना, मी दोरीकडे का धावले ते?

साडेचार झाकणे पाणी

आता काकांच्या वाक्याला थोडे गणित जोडू.

फोर स्ट्रोक इंजिनात कॉम्प्रेशन स्ट्रोकला दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. पिस्टन वर येतो आणि आत कोंडलेली हवा दाबतो. आमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन रेशो सुमारे ८:१. पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर डोक्यावर जी जागा उरते ती ३०५ भागिले ७, म्हणजे साधारण ४४ मिली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर १० मिलीचे झाकण असते ना, तशी साडेचार झाकणे. हवा त्यात गपगुमान मावते. पण सिलिंडरमध्ये याहून जास्त पाणी असेल तर पिस्टनला वर जायला जागाच नाही. पाण्याचे आकारमान फक्त एक टक्क्याने कमी करायचे तरी २०० वातावरणांहून जास्त दाब लागतो. तेवढा दाब तयार होण्याआधी दुसरे काहीतरी हार मानते, आणि ते बहुतेक वेळा कनेक्टिंग रॉड असते. ते वाकते किंवा तुटून क्रँककेसला भोक पाडून बाहेर येते. याला हायड्रोलॉक म्हणतात.

मग माझ्या हिसक्याने रॉड वाकला का? फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण बारावीत शिकलो. हाताने दोरी ओढून इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरले असे धरू. चालू इंजिन ३६०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर वेग सहापट, पण फ्लायव्हीलमधली ऊर्जा छत्तीसपट. चालू इंजिनाने पाणी गिळले तर ती सगळी ऊर्जा एका रॉडवर येते. म्हणजे आमच्या ड्रायव्हरने पाणी एअर फिल्टरपर्यंत चढायच्या आत किल स्विच दाबला, तिथेच अर्धे इंजिन वाचले होते. उरलेले अर्धे मी घालवायला निघाले होते! "हातानं ओढलीस म्हणून बरं," काका म्हणाले, "सेल्फ असता तर आत्तापर्यंत निकाल लागला असता."

तेव्हा पहिला नियम: बुडालेले इंजिन फिरवायचे नाही. किक नाही, सेल्फ नाही, धक्का नाही, दोरी नाही. जोपर्यंत प्लग बाहेर आलेला नाही तोपर्यंत काहीही नाही.

घड्याळ कधी सुरू होते?

माझी समजूत अशी होती, की इंजिन जितका वेळ पाण्यात तितके नुकसान. ते पूर्ण खरे नाही. गंजायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन असे तिघेही लागतात. पाण्याखाली ऑक्सिजन कमी असतो. इंजिन बाहेर आले की ओलसर धातूला भरपूर हवा मिळते आणि गंज जोरात सुरू होतो. सिलिंडरच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पृष्ठभागावर काही तासांतच तांबूस थर दिसू लागतो. बोटींच्या आउटबोर्ड इंजिनांबाबत तर असे सांगतात, की ताबडतोब उघडून साफ करणे शक्य नसेल तर ते गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवा.

म्हणजे घाई करायचीच, पण चालू करायची नव्हे, साफ करायची.

पाणी कसले आहे तेही महत्त्वाचे. ओढ्याचे गढूळ पाणी असेल तर बारीक वाळू आत जाते आणि ती पॉलिश पेपरसारखे काम करते. समुद्राचे पाणी असेल तर सगळ्यात वाईट. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर एटीव्ही चालवून खाऱ्या पाण्यात घातली, तर आधी भरपूर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय दुसरे काही करू नये. मीठ मागे राहिले तर कोरडे झाल्यावरही गंज चालूच राहतो.

पाण्याचा उपसा

गाडी ट्रॅक्टरमागे बांधून आम्ही वर्कशॉपमध्ये आणली. पुढचा क्रम काकांनी सांगितला तसाच देते, कारण यात क्रमालाच महत्त्व आहे.

आधी बाहेरचा चिखल धुतला. काही न उघडता! प्लगच्या खळग्यात साचलेली माती प्लग काढताक्षणी सिलिंडरमध्ये पडते, म्हणून तो खळगा तर आम्ही टूथब्रशने साफ केला.

मग पेट्रोलचा कॉक बंद करून टाकी आणि कार्बोरेटरचा बाऊल रिकामा केला. एअर फिल्टर काढला. कागदाचा भाग लगदा झाला होता, तो फेकला. वरचा फोम साबणाच्या पाण्याने धुऊन वाळत टाकला.

मग प्लग काढला. प्लगची टोपी इंजिनच्या धातूला नीट अर्थ करून बाजूला ठेवली. हे विसरू नका, कारण प्लगच्या भोकातून पाण्याबरोबर पेट्रोलचा फवाराही येतो आणि जवळ ठिणगी उडाली तर काय होईल ते सांगायला नको. सगळ्यांना बाजूला उभे करून काकांनी मला दोरी दिली. "आता ओढ. सावकाश."

ओढली. होळीच्या पिचकारीसारखी गढूळ पाण्याची चिळकांडी समोरच्या भिंतीवर! आठ-दहा वेळा ओढल्यावर पाण्याऐवजी नुसता फवारा आणि मग हवेचा फुस्स फुस्स आवाज. सायलेन्सर काढून उपडा केला तर त्यातूनही मगभर पाणी निघाले.

स्वच्छ पाणी असते तर इथे प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवणे पुरले असते. पण आमचे पाणी गढूळ होते. काकांनी हेड उघडायला लावले. बरे झाले. पिस्टनच्या डोक्यावर कडेला बारीक गाळाची चंद्रकोर होती आणि बोअरवर एका बाजूला तांबूस छटा. संध्याकाळचे सात वाजले होते. जेमतेम पाच तासांत! गाळ ओल्या फडक्याने टिपून घेतला (पुसला नाही, टिपला), मग ऑइलमध्ये बुडवलेल्या स्वच्छ फडक्याने बोअर फिरवून फिरवून साफ केला. सुदैवाने ओरखडा नव्हता.

आता माझ्या पोटात गोळा आणणारा प्रश्न: रॉड वाकला आहे का? थोडासा वाकलेला रॉड डोळ्यांना दिसत नाही. पण रॉड वाकला की त्याची लांबी कमी होते आणि मग पिस्टन पूर्वीइतका वर येत नाही. लॅबमध्ये याच मॉडेलचे एक जुने, मोडीत काढलेले इंजिन आहे. त्याचे हेड उघडून पिस्टन अगदी वर आणला आणि ब्लॉकच्या कडेपासून तो किती खाली राहतो ते डेप्थ व्हर्नियरने मोजले. मग आमच्या इंजिनाचे तेच माप घेतले. दोन मापांतला फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत. मी तीनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना लॅब असिस्टंट काका म्हणाले, "बास गं, व्हर्नियर झिजेल." तेव्हा कुठे मी जेवायला गेले. प्रॅक्टिकलला व्हर्नियरची रीडिंग्ज शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारी मी, त्या रात्री लीस्ट काउंटला देव मानत होते!

ऑइलचा चहा

आता ऑइल. डिपस्टिक काढली तर तिच्यावर भरपूर दूध घातलेला चहा! पाणी आणि ऑइल घुसळले गेले की असे इमल्शन होते. आत पाणी कुठून गेले म्हणाल, तर ब्रीदरच्या नळीतून, रिंगांच्या फटीतून आणि सीलच्या कडेने. त्यातून गरम इंजिन एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. चहाच्या गरम पातेल्यावर झाकण घट्ट बसते ना, तसेच.

हे ऑइल घालवणे इतके का महत्त्वाचे? आमच्या इंजिनात ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक छोटा चमचा असतो, तो फिरता फिरता ऑइल उडवतो आणि त्या शिंतोड्यांवर सगळे बेअरिंग जगते. एकूण ऑइल लिटरभरही नसते. त्यात पाणी मिसळले की बेअरिंगवर टिकणारा पातळ थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. असे इंजिन चालू होते, चालतेही, आणि चार दिवसांनी जाम होते. मग मालक म्हणतो, "बुडाल्यावर चांगलं चालत होतं की!"

इथे थोडा धीर धरायचा. ऑइल पाण्यापेक्षा हलके, म्हणून रात्रभर गाडी सपाट जागी उभी ठेवली. सकाळी ड्रेन बोल्ट सैल केला तर आधी चक्क नुसते पाणी आले, मग चहा. मग अर्धे डिझेल आणि अर्धे स्वस्तातले ऑइल असे मिश्रण भरून, प्लग बाहेर ठेवून, इंजिन हाताने फिरवले आणि काढून टाकले. असे तीनदा. या मिश्रणावर इंजिन चालू मात्र करायचे नाही, ते फक्त खळबळून काढण्यापुरते. तिसऱ्या वेळी बाहेर आलेल्या मिश्रणात दुधाळपणा दिसला नाही. मग नवे गॅस्केट घालून हेड बसवले आणि चांगले ऑइल भरले.

"काका, करंटच नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा प्लग, नवा फिल्टर, नवे पेट्रोल. सगळी टीम जमली. दोरी ओढली. काही नाही. वीस वेळा ओढली. तरी काही नाही.

इथे मी पुन्हा भलतीकडेच निघाले होते, कार्बोरेटर उघडायला. काकांनी विचारले, "कशावरून कार्बोरेटर?" उत्तर नव्हते. पेट्रोल इंजिनाला चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, कॉम्प्रेशन आणि वेळेवर ठिणगी. एका वेळी एकच तपासायची आणि सगळ्यात सोपी आधी. प्लग टोपीत घालून त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवले (भोकापासून दूर), सावली केली, दोरी ओढली. निळी ठिणगी दिसायला हवी होती. काळोख.

मग सुरू झाला आमचा सुकवण्याचा कार्यक्रम. या इंजिनात फ्लायव्हीलवर चुंबके असतात आणि ती कॉइलजवळून जाताना वीज तयार होते. वरचे पत्र्याचे कव्हर काढले, कॉइल पुसली, माझ्या रूममेटचा हेअर ड्रायर अर्धा तास तिच्यावर धरला. फ्लायव्हील आणि कॉइलमधली फट साध्या व्हिजिटिंग कार्डाने तपासली, या इंजिनात ती साधारण तेवढ्याच जाडीची असते. ती ठीक होती. ठिणगी नाही. कॉइल गेली, आता नवी मागवायची, आठवडा जाणार, असे आम्ही ठरवूनही टाकले.

काकांनी कॉइलला येणारी एक बारीक वायर काढली आणि म्हणाले, "आता ओढ."

टच! निळीशार ठिणगी!

ती वायर किल स्विचची होती. घरातल्या दिव्याचे बटण चालू केले की वीज जोडली जाते. किल स्विचचे काम उलटे असते. तो दाबला की कॉइलची वीज सरळ इंजिनाच्या अंगात, म्हणजे अर्थला जाते आणि ठिणगी बंद होते. आमच्या स्विचच्या कनेक्टरमध्ये चिखल भरला होता. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही, पण ओढ्यातल्या क्षार-मातीच्या पाण्याचे तसे नाही. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने कोणीतरी दोन दिवस तो लाल स्विच दाबूनच धरला होता! ज्या स्विचने इंजिन वाचवले तोच आता त्याला चालू होऊ देत नव्हता. कनेक्टर उघडून धुतला, वाळवला, त्यावर डब्ल्यूडी-४० मारले. (या नावातले डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारे. ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेले!) वायर पुन्हा जोडूनच पुढे गेलो. "ठिणगी येतेय ना, राहू दे तशीच" हा मोह टाळा. किल स्विचशिवाय गाडी म्हणजे ब्रेकशिवाय गाडी.

चालू झाली, बंद पडली

तिसऱ्या ओढीला इंजिन खोकले, फटफटले आणि चालू झाले! टाळ्या, शिट्ट्या, सगळे झाले. मिनिटभराने इंजिन आचके देऊन बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद.

आता मात्र मी शहाणी झाले होते. ठिणगी तपासली, होती. कॉम्प्रेशन होते. राहिले पेट्रोल. बाऊल काढून त्यातले पेट्रोल काचेच्या ग्लासात ओतले तर तळाशी पाण्याचे टपोरे मणी लोळत होते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी नेहमी तळाला जाते, आणि कार्बोरेटरचा मुख्य जेट पेट्रोल ओढतो तोही तळाशीच. पाण्याचा एक मणी तिथे अडकला की झाले! टाकी आम्ही रिकामी केली होती, पण खाली झोका घेतलेल्या नळीत पाणी राहिले होते. नळी काढून हवा मारली, जेट साफ केला.

इथे हल्लीच्या पेट्रोलची एक गोष्ट सांगायला हवी. २०२३ पासून आपल्याकडे पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई२० पेट्रोल येऊ लागले. इथेनॉलला पाणी प्रिय. थोडे पाणी ते पोटात घेते आणि वरून काहीच कळत नाही. पण पाणी जास्त झाले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. म्हणून तळाचा थर आत गेलेल्या पाण्यापेक्षाही मोठा दिसतो, आणि वर उरलेले पेट्रोलही पूर्वीच्या प्रतीचे राहत नाही. तेव्हा वरचे वरचे गाळून वापरायचा चिक्कूपणा नको. पाणी गेलेले पेट्रोल सगळे बदला. शंका असेल तर पारदर्शक बाटलीत थोडे काढून रात्रभर ठेवा, सकाळी उत्तर तळाशी दिसेल. आणि हो, ते खराब पेट्रोल-ऑइल ओढ्यात ओतू नका. ओढ्याने आपले काही वाईट केलेले नाही.

यानंतर इंजिन जे चालू झाले ते चालूच राहिले. धूर पाहून घाबरू नका. पांढरा आणि लगेच विरणारा धूर म्हणजे सायलेन्सरमधल्या पाण्याची वाफ. निळसर आणि रेंगाळणारा म्हणजे ऑइल जळते आहे. सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलामुळे सुरुवातीला तो येतोच, पण थांबायला हवा. काळा असेल तर पेट्रोल जास्त होते आहे किंवा फिल्टर तुंबला आहे.

दहा मिनिटे हळू चालवून ऑइल बदलले. पुन्हा किंचित दुधाळ! पुन्हा भरले, या वेळी इंजिन चांगले तापू दिले, कारण कोपऱ्याकापऱ्यातले पाणी वाफ होऊन ब्रीदरमधून जायला ऑइल नीट गरम व्हावे लागते. त्यानंतरचे ऑइल स्वच्छ निघाले. मग गिअरबॉक्सचे ऑइल, चाकांच्या बेअरिंगचे ग्रीस, ब्रेक ऑइल हेही बदलले. सीव्हीटीचा पट्टा आणि पुली साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या केल्या. पट्ट्यावर आणि ब्रेकवर मात्र कसलाही स्प्रे मारायचा नाही!

तुमच्या-आमच्या गाड्या

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. प्रत्येक पुरानंतर गॅरेजबाहेर दुचाकींच्या रांगा लागतात. काका सांगतात, "पाण्यानं मेलेल्या गाड्या कमी, किका मारून मारलेल्या जास्त."

तुमची जुनी कार्बोरेटरची बाइक असेल तर वरचा सगळा क्रम जवळपास तसाच लागू होतो. पण एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे, सेन्सर आहेत, कॉम्प्युटर आहे. तिथे घरी एवढेच करा: चावी फिरवू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाणी कुठपर्यंत होते त्याचे फोटो काढा आणि गाडी टेम्पोत घालून मेकॅनिककडे न्या. फोटो विम्यासाठी. पाण्यातून काढल्यावर चालू करायला जाऊन इंजिन मोडले, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत. आणि पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर ती ढकलत बाहेर काढा. पायाला चिखल लागेल, पण रॉड वाचेल.

असो. बुधवारी संध्याकाळी गाडी पुन्हा टेकडीवर गेली. या वेळी ओढ्याच्या अलीकडूनच वळवली. काकांनी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला, ठीक आहे म्हणाले आणि स्कूटरला किक मारून निघून गेले. जाताना मी विचारले, "काका, तुम्ही हे सगळं कुठं शिकलात?" म्हणाले, "पयल्या पुरात. एक गाडी मारली तवा."

म्हणजे त्यांनीही कधीतरी ती दोरी ओढली होती.

आता आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर, चिळकांडीचा डाग पडला आहे बरोबर त्याच्या शेजारी, ऑइल पेंटने चार शब्द लिहिले आहेत. नवीन मुलांना टीममध्ये घेताना आधी तो डाग दाखवतो आणि मग ते शब्द वाचायला लावतो. तुम्हीही पावसाळ्याआधी एकदा येऊन बघून जा. फर्स्ट इयरवाल्यांनी तर नक्कीच!